हिप-हॉपचे आद्य प्रवर्तक : कूल हर्क

राजाचा इतिहास लिहावयाचा तर सनदा व नाणी सापडतात. कवीचा लिहावयाचा तर त्याचे काव्यग्रंथ हाताशी असतात. परंतु ज्या कलावंताच्या ऐन उमेदीतील एकही कृती त्याच्या नावाने बाजारात आली नाही, जो गवई म्हणून गाजला नाही की वादक म्हणूनही नव्हे, आणि तरीही ज्याचे ऋण जगभरचे कलावंत मान्य करितात, त्याच्या कार्याचे मोल कोणत्या मापाने ठरवावे? न्यू यॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागातील क्लाइव्ह कँपबेल, ऊर्फ डी. जे. कूल हर्क, ह्यांच्या चरित्राने हा प्रश्न उपस्थित केला आहे. हिप-हॉप ह्या नावाने संगीत, नृत्य आणि तालबद्ध भाषण यांचा जो संगम आज देशोदेशी पसरला आहे, त्याचा उगम शोधीत गेले असता वाट ह्या गृहस्थांच्या दाराशी येऊन पोहोचते.

क्लाइव्ह यांचा जन्म १६ एप्रिल १९५५ रोजी जमेका बेटावरील किंग्स्टन शहरी झाला. त्या काळी जमेकात ‘साउंड सिस्टिम’ म्हणून एक लोकप्रिय करमणूक होती. वाद्यवृंद बोलाविण्याची ऐपत नसलेल्या वस्त्यांतून एखादा उद्योगी इसम मोठमोठे ध्वनिक्षेपक आणि गाण्यांच्या तबकड्यांचा साठा गाडीवर घालून आणी आणि मोकळ्या अंगणात नृत्याचा जलसा मांडी. तबकडी वाजत असता मधूनमधून मायक्रोफोनवरून तालात काही बोलण्याचीही चाल होती; तिला ‘टोस्टिंग’ म्हणत. अशा मंडळींत चुरस इतकी असे की, आपण कोणते गाणे वाजवितो हे प्रतिस्पर्ध्यास कळू नये म्हणून तबकडीवरील नावाचा कागद खरवडून टाकण्यात येई. बाल क्लाइव्हला ह्या जलशांत प्रवेश मिळण्याचे वय नव्हते. परंतु गाडीतून उतरणाऱ्या त्या प्रचंड पेट्या त्याने डोळे भरून पाहिल्या होत्या.

१९६७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तो कुटुंबासमवेत न्यू यॉर्क येथे आला. परक्या शहरी त्याच्या उच्चारांची थट्टा होई. तेव्हा तबकड्या लावून त्यांच्याबरोबर गाणी म्हणता म्हणता त्याने अमेरिकन बोली आत्मसात केली. तबकडी ही त्याची अशा रीतीने पहिली भाषाशिक्षिका ठरली.

ज्या ब्राँक्समध्ये हे कुटुंब राहावयास आले, तो विभाग त्या वेळी मोडकळीस येत होता. रॉबर्ट मोझेस ह्या बलाढ्य अधिकाऱ्याच्या योजनेनुसार १९४८ साली क्रॉस-ब्राँक्स द्रुतमार्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि भरवस्तीतून गेलेल्या त्या मार्गासाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. कारखाने हलले, ज्यांना शक्य होते ते उपनगरांत गेले, मागे राहिले ते बहुतांशी निर्धन कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिको बेटावरून आलेले लोक. १९७० नंतरच्या दशकात तर आगींचे सत्र सुरू झाले. पडीक इमारतींच्या देखभालीत हयगय, अग्निशामक दलात कपात, आणि विम्याच्या पैशासाठी काही घरमालकांनीच लावविलेल्या आगी, अशा अनेक कारणांनी गल्लीच्या गल्ल्या ओसाड पडल्या. १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी होण्याची वेळ आली, तेव्हा शाळांतील संगीतशिक्षणावरही कुऱ्हाड कोसळली.

ह्या काळात तरुणांच्या टोळ्यांनी आपापल्या हद्दी वाटून घेतल्या होत्या. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकणे जिवावरचे असे. डिसेंबर १९७१ मध्ये हो ॲव्हेन्यूवरील एका क्लबात ह्या टोळ्यांची सभा भरून तह झाला. कलहाचा निमित्तमात्र अंत झाला असे नव्हे. तथापि एका भागातील मुलांना दुसऱ्या भागातील समारंभास जाण्याइतकी मोकळीक हळूहळू प्राप्त झाली. पुढे जे घडले त्यास ही भूमिका आवश्यक होती, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. हद्दीच न ओलांडता येत्या, तर नृत्यास जमणार कोण?

क्लाइव्ह ब्राँक्समधील आल्फ्रेड ई. स्मिथ ह्या धंदेशिक्षणाच्या शाळेत मोटारदुरुस्तीचे काम शिकत होता. उंच व धिप्पाड बांध्यामुळे खेळाच्या मैदानावर सोबती त्यास ‘हर्क्युलीस’ म्हणत. त्याचे ‘हर्क’ झाले आणि पुढे ‘कूल’ हे विशेषण जोडून त्याने आपले नाव सिद्ध केले. त्याचे वडील कीथ कँपबेल हे एका वाद्यवृंदाच्या ध्वनिव्यवस्थेचे काम पाहात. त्यासाठी घेतलेल्या उपकरणांतून पुरेसा आवाज निघेना. मुलाने तारांची जोडणी निराळ्या रीतीने करून पाहिली आणि त्याच पेट्यांतून पूर्वीच्या कितीतरी पट गर्जना निघू लागली. तेव्हापासून ही सामग्री बापलेकांची सामाईक झाली.

हिप-हॉपचा काळ ज्या रात्रीपासून मोजण्याची प्रथा आहे, त्या रात्रीची मूळ प्रेरणा मात्र कलेची नव्हती. ती शुद्ध प्रापंचिक होती. हर्क यांची भगिनी सिंडी हिला शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यावयाचे होते. हातातील रकमेतून थोडेच कपडे आले असते. त्याऐवजी एक समारंभ करून रक्कम वाढवावी, असा बेत तिने केला. १५२० सेजविक ॲव्हेन्यू ह्या त्यांच्या राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरील करमणुकीची खोली भाड्याने घेतली, लहान पुठ्ठ्यांवर हाताने निमंत्रणे लिहिली, आणि मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट असा प्रवेशाचा दर ठरविला. तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. तबकड्या वाजविण्याचे काम अर्थातच अठरा वर्षांच्या भावाकडे आले. आयोजन, हिशेब व निमंत्रणे हे सर्व सिंडीचे होते. आणि म्हणून ह्या कलेच्या आरंभीचा अर्धा मान तिचा आहे, असे म्हणणे न्यायाचे होईल.

हर्क यांनी प्रथम जमेकाची रेगे गाणी लावून पाहिली. परंतु ब्राँक्सच्या मुलांना ती रुचेनात. तेव्हा त्यांनी अमेरिकन फंक व सोल पद्धतीच्या गाण्यांकडे मोर्चा वळविला. समारंभ गाजला, पुढे असे अनेक समारंभ झाले आणि त्यांतून त्यांची खरी कलायुक्ती घडत गेली. तबकडी लावून ते स्वस्थ बसत नसत. नाचणाऱ्यांकडे त्यांचे बारीक लक्ष असे. त्यांच्या ध्यानात आले की, कित्येक तरुण बहुतेक गाणेभर बाजूस उभे राहतात आणि एका ठरावीक क्षणीच मध्यभागी धाव घेतात. त्या गाण्यांत गायन व इतर वाद्ये थोडा वेळ थांबत आणि केवळ तालवाद्ये उरत. सतार थांबावी आणि तबला एकटाच बोलू लागावा, तसा हा प्रकार. त्यास ‘ब्रेक’ म्हणत. तो काही क्षणांत संपे, पुन्हा गायन सुरू होई आणि नाचणाऱ्यांचा विरस होई.

तेव्हा हर्क यांनी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या व त्या दोन फिरत्या तबकांवर ठेविल्या. एकीवरील ब्रेक संपत आला की दुसरीवरील तोच ब्रेक सुरू करावयाचा. तो वाजत असता पहिलीची सुई मागे नेऊन ठेवावयाची. आणि असे आळीपाळीने चालू ठेवावयाचे. काही क्षणांचा तुकडा अशा रीतीने हवा तितका लांबविता येऊ लागला. ह्या युक्तीस त्यांनी ‘मेरी-गो-राउंड’, म्हणजे जत्रेतील फिरता पाळणा, असे नाव दिले. जेम्स ब्राउन यांची गाणी आणि ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ ह्या वाद्यवृंदाची १९७३ सालची ‘अपाची’ ही तबकडी हे त्यांचे आवडते साहित्य. जमेकाच्या रिवाजाप्रमाणे, वडिलांच्या सल्ल्यावरून, तबकड्यांवरील कागद पाण्यात भिजवून काढण्यासही ते चुकले नाहीत!

दोन तबकड्या एकीस एक जोडून वाजविण्याची रीत त्यांच्या आधीही होती. मॅनहॅटनच्या नृत्यगृहांत फ्रान्सिस ग्रासो यांच्यासारखे कुशल वादक ते काम करीत. परंतु त्यांचा हेतू असे तो एक गाणे दुसऱ्यात बेमालूम मिसळण्याचा. गाणे बाजूस सारून त्यातील तालाचा एक कण उचलावा आणि त्याचेच नवे संगीत करावे, ही दृष्टी हर्क यांची. ती दृष्टी त्यांना कोणत्या ग्रंथातून लाभली नाही. नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून लाभली.

ह्या लांबलेल्या तालाभोवती दोन नव्या कला उभ्या राहिल्या. ब्रेकवर नाचणाऱ्या मुलांस हर्क ‘बी-बॉय’ म्हणू लागले. जमिनीवर हात टेकून गरगर फिरण्याची त्यांची नृत्यपद्धती पुढे ‘ब्रेकिंग’ म्हणून प्रसिद्धीस आली. दुसरी कला वाणीची. हर्क यांचे मित्र कोक ला रॉक हे मायक्रोफोन घेऊन जमलेल्या मित्रांची नावे पुकारीत, लहान लहान यमके जुळवीत, नाचणाऱ्यांस चेतवीत. त्या फुटकळ पुकाऱ्यांतूनच इतरांच्या प्रतिभेने दीर्घ, यमकबद्ध असे रॅप विकसित झाले. १९७४ च्या सुमारास हे समारंभ सीडर पार्कसारख्या मोकळ्या जागी होऊ लागले. वीज घ्यावयाची ती रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून. हर्क यांचे ध्वनिक्षेपक ‘हर्क्युलॉर्ड्स’ ह्या नावाने दरारा गाजवीत.

त्यांचा कित्ता गिरविणाऱ्यांत जोसेफ सॅडलर, म्हणजेच ग्रँडमास्टर फ्लॅश, हे अग्रगण्य होत. १ जानेवारी १९५८ रोजी बार्बेडोस बेटावर जन्मलेले व ब्राँक्समध्ये वाढलेले हे गृहस्थ सॅम्युएल गाँपर्स ह्या धंदेशिक्षणाच्या शाळेत विद्युत्-उपकरणांचे काम शिकले. हर्क यांची सुई अंदाजाने पडे व ताल कधी कधी चुके, हे फ्लॅश यांच्या नजरेस आले. त्यांनी तबकडीवर खडूने खुणा केल्या आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे ती किती उलटी फिरवावयाची हे ठरविले. दुसरी तबकडी लोकांस ऐकू येण्यापूर्वी ती स्वतःच्या कानी पडावी अशी विजेची जोडणीही केली. त्यांच्या सहवासात शिकलेल्या थिओडोर लिव्हिंग्स्टन ह्या मुलाने तबकडी हाताने मागेपुढे घासून जो खरखरीत आवाज निघतो, त्यासही तालात बसविले. शाळांनी संगीताचे वर्ग बंद केले. पण मोटारदुरुस्ती व तारांची जोडणी शिकविणारे वर्ग शिल्लक होते. मुलांनी त्याच विद्येतून वाद्य निर्माण केले.

येथपर्यंतची कथा उत्कर्षाची आहे. १९७७ साली मात्र एका क्लबात प्रवेशावरून उद्भवलेला तंटा सोडवावयास गेले असता हर्क यांच्यावर चाकूचे वार झाले. जखमा भरल्या; परंतु समारंभांचा उत्साह ओसरला व ते मागे सरले. नेमकी त्यानंतर दोनच वर्षांनी ह्या कलेस बाजारपेठ गवसली. न्यू जर्सीतील शुगर हिल कंपनीच्या चालिका सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढली आणि ती देशभर वाजू लागली. गाणारे तीन तरुण ब्राँक्सच्या जलशांतून पुढे आलेले नव्हते. त्यांतील एकाने म्हटलेले यमकबद्ध बोल ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ यांचे होते. कॅझ यांचे नाव मात्र तबकडीवर आले नाही.

ह्या तबकडीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तीत तबकड्या फिरविणारा कोणी नाहीच! ‘शीक’ ह्या वाद्यवृंदाच्या गाजलेल्या गाण्याचा ताल पगारी वादकांकडून पुन्हा वाजवून घेतला होता. जो कलावंत तबकडीचेच वाद्य करितो, त्यास तबकडीवर कसे उतरवावे, हे व्यापारास उमगेना. वाणी विकता येत होती. रात्रभर चाललेला जलसा विकता येत नव्हता. फ्लॅश यांनी १९८१ मध्ये केवळ तबकड्यांच्या करामतीची एक ध्वनिमुद्रिका काढून आपली कला अजमावून दाखविली, हे खरे. परंतु १९८२ साली त्यांच्या मंडळीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘द मेसेज’ ह्या विख्यात गीतात स्वतः फ्लॅश यांचा हात नव्हता. ते एड फ्लेचर व मेली मेल ह्या दोघांनी रचिले. गरीब वस्तीचे दुःख सांगणारे हे गीत २००२ च्या यादीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात समाविष्ट झाले. कीर्ती मंडळीच्या नावास लाभली. तबकड्यांचा कसबी मात्र तीत कोठेच ऐकू येत नाही. मग हर्क यांची काय कथा!

तथापि त्यांची युक्ती लोपली नाही. ती यंत्रात शिरली. १९८० नंतरच्या दशकात ‘सॅम्पलर’ हे उपकरण स्वस्त होत गेले. कोणत्याही ध्वनीचा तुकडा साठवून तो अखंड फिरता ठेवणे त्यास सहज साधे. हर्क दोन हातांनी जे करीत, तेच आता एका कळीवर होऊ लागले आणि जगातील असंख्य गाण्यांच्या बुडाशी तो फिरता तुकडा येऊन बसला. येथे न्यायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ह्या तुकड्यांतील ताल कोणा तरी वादकाने वाजविलेला असे. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’ ह्या १९७० सालच्या गीतातील क्लाइड स्टबलफील्ड यांचे ढोलवादन शेकडो गीतांत वापरले गेले. पण गीतकार म्हणून त्यांची नोंद नसल्याने त्यांस त्याचा मोबदला जवळजवळ मिळाला नाही. १९९१ साली न्यू यॉर्कच्या न्यायालयाने परवानगीवाचून तुकडा वापरण्यास मनाई केली, तेव्हापासून मूळ गाण्याच्या मालकास पैसा मिळू लागला. वादकाची झोळी बहुधा रिकामीच राहिली. म्हणजे ज्याने ताल वाजविला तो आणि ज्याने तो वेचून काढला तो, असे दोघेही लाभाच्या पंक्तीबाहेर बसले.

हर्क यांच्या मधल्या आयुष्यावर फार काळ रेंगाळण्याचे प्रयोजन नाही. १९८४ च्या ‘बीट स्ट्रीट’ ह्या चित्रपटात ते थोडा वेळ दिसले. वडिलांच्या निधनानंतर काही काळ ते व्यसनाच्या आहारी गेले होते आणि त्यातून ते बाहेरही आले. त्यांच्या नावाचा पहिला संगीतसंग्रह, मिस्टर ग्रीन यांच्या सहकार्याने, निघाला तो २०१९ साली. आरंभापासून शेहेचाळीस वर्षांनी!

सन्मान उशिराने आले, पण आले. २००७ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या वास्तुजतन कार्यालयाने १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत हिप-हॉपचे जन्मस्थान म्हणून मान्य केली. त्याच सुमारास ह्या इमारतीतील अल्प भाड्याची घरे भाडेकरूंच्या हातून जाण्याचा धोका उद्भवला, तेव्हा हर्क भाडेकरूंच्या बाजूने उभे राहिले. स्मारक म्हणून इमारत टिकावी एवढेच त्यांचे मागणे नव्हते. तीत गरिबांस राहता यावे, हे होते. २०११ साली ते मूत्रपिंडातील खड्यांनी आजारी पडले. आरोग्यविमा नसल्याने शस्त्रक्रियेच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला आणि चाहत्यांनी वर्गणी जमविली. ज्या कलेवर कोट्यवधी डॉलरांचा व्यापार चालला होता, तिच्या प्रवर्तकाच्या औषधपाण्यासाठी झोळी फिरवावी लागली, ही त्या व्यापारास भूषणावह गोष्ट नव्हे.

पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सेनेटने ११ ऑगस्ट हा दिवस हिप-हॉपच्या गौरवाचा म्हणून ठराव केला. ऑगस्ट २०२२ मध्ये ख्रिस्टीज ह्या लिलावगृहात हर्क यांची फिरती तबके, ध्वनिक्षेपक आणि तबकड्या मांडल्या गेल्या. हाताने लिहिलेले एक जुने निमंत्रणही त्यांत होते. २०२३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ह्या संस्थेने प्रभावी पूर्वसूरी म्हणून त्यांचा गौरव केला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात ब्रेकिंगच्या स्पर्धा झाल्या. स्त्रियांत जपानच्या व पुरुषांत कॅनडाच्या स्पर्धकाने सुवर्णपदक मिळविले. ब्राँक्सच्या तळमजल्यावरील मुलांचे नृत्य एवढा प्रवास करून गेले.

आपल्या मुंबईसही ह्या प्रवाहाचा स्पर्श झाला आहे. अंधेरी-कुर्ल्याकडील वस्त्यांतून डिव्हाइन व नेझी हे रॅप गाणारे तरुण पुढे आले. त्यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन झोया अख्तर यांनी २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट काढिला. ‘स्वदेसी’ ह्या मुंबईच्या कलावंतगटात मराठीतूनही रॅप ऐकावयास मिळते. ह्या तरुणांनी ब्राँक्सचे शब्द उसने घेतले नाहीत. आपल्या गल्लीचे सुखदुःख आपल्या बोलीत सांगावे, एवढी रीत मात्र तेथून घेतली.

प्रवर्तक आणि लाभार्थी हे दोघे एक असावेत असा इतिहासाचा नियम नाही. हर्क यांनी हिप-हॉप एकट्याने निर्माण केले असेही कोणी म्हणू नये. त्यात सिंडीचे नियोजन आहे, कोक ला रॉक यांची वाणी आहे, फ्लॅश यांचे गणित आहे, अनाम वादकांचा ताल आहे आणि नाचणाऱ्या मुलांचे पाय आहेत. हर्क यांचा वाटा हा की, त्या पायांना काय हवे आहे ते त्यांनी सर्वांआधी ओळखले आणि जे क्षणभर मिळत होते ते मनमुराद दिले. अशा कार्याची पावती बाजाराच्या वहीत सापडत नाही. ती सापडावी अशी व्यवस्था करणे, आणि प्रवर्तक हयात असतानाच करणे, हे त्याच्या कलेवर मोठे झालेल्यांचे कर्तव्य होय.